मुडबीच्या प्रार्थनाघरातला हुंकारा

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे दुसऱ्या कुणी सांगायला नको. नगरला धर्मशिक्षण पुरं करून १९५२ साली मी पाळक म्हणून कल्याणीला आलो. निजामाचं राज्य जाऊन चार वर्षं होत आली होती आणि गोरे मिशनरी साहेबही एकेक करून बोटीत बसत होते. कल्याणीचे साहेब गेले, त्यांच्या जागी मी आलो. वय एकोणतीस, डोक्यावर साहेबांनीच मागे ठेवलेली टोपी, आणि हाताखाली पाच सेवक. आसपासच्या गावांतल्या ख्रिस्ती मंडळ्या हे पाच जण सांभाळत. तीन उपदेशक, एक शाळामास्तर आणि एक बायबलबाई.

पाचांत सगळ्यात अवघड भीमण्णा मास्तर. त्यांच्या शाळेचं छप्पर गळायचं, पाट्या फुटायच्या, आणि या सगळ्याला मीच कारणीभूत आहे अशी त्यांची ठाम समजूत होती. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कल्याणीला सेवकांची सभा भरे, तिथे ते माझ्याशी तासभर भांडत. त्यांना सुतासारखं सरळ करायचं म्हणून मी पहिलं वर्ष घालवलं. ते सरळ झाले नाहीत, माझाच आवाज बसला.

आणि पाचांत सगळ्यात सोपे मुडबीचे बंडेप्पा. साठीला टेकलेले, उंच, वाकलेले, कपाळावर एक जुना व्रण. तीस वर्षं मुडबी आणि भोवतालच्या वाड्यांत उपदेशकाचं काम करत होते. सभेला वेळेवर येत, शेवटच्या बाकावर बसत. अहवाल वाचायची पाळी आली की घडी घातलेला कागद उलगडत आणि वाचत, "गावं सात, घरं एकवीस, प्रार्थनासभा चार. प्रभूच्या कृपेनं सर्व ठीक." मी काही सांगितलं की "जी" म्हणत. एका सभेत तर मी भीमण्णांना सुनावलं की जरा बंडेप्पांकडे बघून शिका. भीमण्णा बंडेप्पांकडे बघतच राहिले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला उलट उत्तर मिळालं नाही. मला वाटलं, औषध लागू पडलं.

पुढच्या डिसेंबरात जिल्ह्याच्या अधीक्षकांचं पत्र आलं. परदेशातून येणारी मदत आटत चालली होती. पत्रात लिहिलं होतं की चालू सेवकांना काढू नये, पण यापुढे जो आपण होऊन जाईल त्याची जागा पुन्हा भरू नये. मी ते पत्र चन्नव्वाला वाचून दाखवलं. चन्नव्वा म्हणजे आमची बायबलबाई. खांद्याला पिशवी अडकवून घरोघर जायची, बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवायची, आणि येता येता कल्याणीत कुणाच्या चुलीवर काय शिजतंय याची बातमी आणायची. तिला माझा राग कधी आला नाही आणि माझ्या रागाची भीतीही कधी वाटली नाही. मी तिला म्हणालो की जाणार असेल तर भीमण्णाच जाईल, इतका वैताग करतो.

"भीमण्णा कशाला जातोय," ती म्हणाली. "छपरासाठी भांडायलाय म्हंजी त्याला त्याच छपराखाली बसायचंय. जायलाय तो बंडेप्पा."

मी हसलो. बंडेप्पांची तर एक तक्रार नाही, असं म्हणालो.

"तेच की. पाळकसाहेब, तुमी त्याचे कागद बघितलाव का? वर्सभर झालं, त्याच्या कागदावर कुणी मेलं न्हाई की कुणी जलमलं न्हाई. मुडबीत काय मान्सं ऱ्हात न्हाईत?"

तिच्यादेखत मी कपाट उघडलं आणि कागद काढले. मार्च, एप्रिल, मे. गावं सात, घरं एकवीस, सभा चार. भर पावसाळ्यात, ओढे भरलेले असतानाही गावं सात. अक्षर तेवढं दर महिन्याला थोडं लहान होत गेलं होतं. मी हे कागद दर महिन्याला वाचले होते आणि नीटनेटके आहेत म्हणून खूशही झालो होतो. मला माझीच लाज वाटली. चन्नव्वानं पुढचंही सांगितलं. बंडेप्पांचा मुलगा गुलबर्ग्याच्या गिरणीत लागला होता आणि आईबापांना तिकडे बोलावत होता.

आता मी पडलो तापट माणूस. तापट माणसाला चूक कळली की ती दुरुस्त करायचीही घाई असते. बंडेप्पांना उत्तेजन द्यायचं असं मी त्याच रात्री ठरवलं. जानेवारीच्या सभेला ते आले तेव्हा थंडी कडाक्याची होती, आणि त्यांच्या अंगावर एक विरलेला पंचा होता. मी बाजारातून चांगलं जाड काळं कांबळ आणवलं होतं. सगळ्यांसमोर मी दोन शब्द बोललो, तीस वर्षांच्या एकनिष्ठ सेवेबद्दल त्यांचे आभार मानले, आणि कांबळ स्वतःच्या हातानं त्यांच्या खांद्यावर घातलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. भीमण्णा खाली बघत होते. बंडेप्पांनी हात जोडले आणि "जी" म्हणाले. मला वाटलं, भरून आलं असेल.

सोमवारी सकाळी ते माझ्या दारात उभे राहिले, कांबळ पांघरून. त्यांनी मुडबीच्या प्रार्थनाघराची किल्ली पायरीवर ठेवली. शेतातली तूर तेवढी बडवून होऊ द्या, मग पंधरा दिवसांनी मंगळवारी गाडी सांगितली आहे, असं म्हणाले. मी काही विचारायच्या आत ते निघूनही गेले.

मी किल्ली घेऊन तरातरा चन्नव्वाकडे गेलो. ती ज्वारी निवडत होती. तिनं सुपातून मान वर केली आणि कपाळावर हात मारला. मग मला कळलं की आमचे जुने साहेब ज्या सेवकाला घरी बसवायचे त्याला सभेत उभं करून आभार मानायचे आणि कांबळ द्यायचे. तीस वर्षांत या भागात कांबळ मिळालेला एकही माणूस पुढच्या महिन्यात कामावर दिसला नव्हता. पाचही सेवकांना ते माहीत होतं. माहीत नव्हतं ते मला. मी चिडून म्हणालो की मग सभेच्या आधी सांगितलं का नाहीस. ती म्हणाली की मला वाटलं, तुमी इचार करूनच करायलाव.

आता बंडेप्पा गेले की जागा बंद, जागा बंद की मुडबीचं प्रार्थनाघरही बंद. आणि हे सगळं मी सव्वातीन हात कांबळ घालून केलं होतं. आठवडाभर मी मनातल्या मनात भाषणं जुळवली. शेवटी एका शुक्रवारी सायकल काढली आणि मुडबीची वाट धरली.

मुडबीत पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. बंडेप्पांच्या घराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं की सगळे खळ्यावर आहेत. गावाबाहेर तुरीच्या काड्यांचा मोठा ढीग होता. त्याच्या पलीकडून काठ्या आपटल्याचे आवाज येत होते आणि त्या आवाजांत एक गोष्ट चालली होती. मी ढिगाच्या अलीकडेच थांबलो. चोरून ऐकणं पाळकाला शोभत नाही हे मला मान्य आहे.

आवाज बंडेप्पांचा होता, पण मला तो ओळखायला वेळ लागला. शनिवारच्या सभेत मी तो आवाज कधी ऐकलाच नव्हता. गोष्ट उधळ्या पुत्राची होती. बाप उंबऱ्यात बसून रोज वाट बघतो, आणि गावातली माणसं त्याला विचारतात की अण्णा, कुणाची वाट बघायलास. बंडेप्पा एक वाक्य म्हणत, काठी खाली येई, आणि बायकांतून एक आवाज यायचा, "हूं". त्या हुंकाऱ्यावर पुढचं वाक्य उभं राहायचं. कधी तो हुंकारा छोटा, कधी लांबलचक, कधी त्यात "पुढं?" असं विचारणं. बंडेप्पा थट्टा करायचे, तेव्हा दहा-वीस जण एकदम हूं म्हणत आणि हसत. हुंकारा देणारी मुख्य बाई त्यांची बायको होती, नागूबाई. ती तूर पाखडत होती आणि तिचं लक्ष सगळं सुपात होतं, तरी तिचा हूं एकदाही चुकला नाही.

मी पुढे आलो. गोष्ट तिथल्या तिथे थांबली. काठ्या थांबल्या. बंडेप्पांनी डोक्याचा पटका नीट केला, हात जोडले, आणि त्यांचा चेहरा माझ्या शनिवारच्या सभेतला झाला.

आम्ही दोघं बाभळीखाली बसलो. कांबळाचं मी सांगून टाकलं, की मला रीत माहीत नव्हती, तुम्हाला थंडी वाजत होती म्हणून दिलं. ते थोडं हसले. मी म्हणालो, तुम्ही राहा. ते म्हणाले, जी. पण गाडी सांगून झाली आहे, मुलगा वाट बघतोय. त्यांच्या त्या 'जी'मध्ये राहणं अजिबात नव्हतं, आणि या वेळी ते मलासुद्धा ऐकू आलं.

मग मी जरा चिडूनच विचारलं की ही अशी गोष्ट तुम्ही प्रार्थनाघरात का सांगत नाही? तिथे तर तुम्ही छापील प्रवचन वाचता. पाच मिनिटांत लोक पेंगतात.

बंडेप्पा बोटांनी मातीतले तुरीचे दाणे वेचू लागले.

"तुमीच बंद केलाव की," ते म्हणाले.

मला आठवेना. मग आठवलं, आणि आठवलं ते मला अजूनही पुरतं विसरता आलेलं नाही. कल्याणीला आल्यावर पहिल्याच महिन्यात मी मुडबीला भेट दिली होती. बंडेप्पा हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगत होते आणि सगळी मंडळी वाक्यावाक्याला हूं, हूं करत होती. आमच्या घरात वडीलधाऱ्याला 'हूं' म्हटलं तर मुस्काटात बसायची. जी म्हणायचं, हो म्हणायचं. इथे तर देवाच्या वचनालाच हूं. मी मध्येच उभा राहिलो आणि सांगितलं की हे देवाचं घर आहे, चावडी नाही, वचन चालू असताना तोंडातून आवाज काढायचा नाही. मग घड्याळ बघून बंडेप्पांना म्हणालो, आता मूळ मुद्द्यावर या. ते "जी" म्हणाले होते. त्यांनी गोष्ट तिथेच सोडली होती. मला शिस्त लावल्याचं समाधान वाटलं होतं.

"मग मला बोलला का नाही?" मी विचारलं.

"जी म्हणलो की."

मी डोक्यावरची साहेबांची टोपी काढून मांडीवर ठेवली. माझ्या आयुष्यात हे फार कमी वेळा झालं आहे.

"पाळकसाहेब," ते हळू म्हणाले, "गावात आमी समद्यास्नी जी म्हंतो. पाटलाला जी, सावकाराला जी. रजाकार आलते तवा त्यास्नी बी जी. आता नवं सरकार आलं, त्याच्या चपराश्याला बी जी. हूं म्हणायची आमची येकच जागा हुती. तितं आमी देवाला म्हणायचाव, हूं, आयकायलोय, पुढं सांग. तुमाला ते बेअदबी वाटलं. तुमचं चुकलं म्हनत न्हाई मी. पर हुंकारा गेल्यावर माजी गोष्ट बी गेली. कोरड्या हिरीत घागर सोडल्यावानी व्हायलं. मग कागद वाचायलो."

नागूबाईंनी मला ताक आणून दिलं, त्याचे आभार मी मानले नाहीत. उठताना एवढंच विचारलं की या रविवारी तुम्ही इथेच आहात ना. ते म्हणाले, जी, मंगळवारपतोर हाव.

रविवारी मी किल्ली घेऊन पुन्हा मुडबीला गेलो. प्रार्थनाघर म्हणजे मातीच्या भिंतींची एक लांबट खोली, पुढे एक मेज, खाली सतरंजी. उजव्या बाजूला पुरुष, डाव्या बाजूला बायका. बंडेप्पा जातायत म्हणून त्या दिवशी खोली भरलेली होती. पाळक आला की मेजामागच्या खुर्चीत बसायचं ही रीत. मी खुर्चीत बसलो नाही. सतरंजीवर पुरुषांच्या पहिल्या रांगेत मांडी घातली. माझ्या शेजारचा माणूस घाबरून हातभर सरकला.

गीत झालं, प्रार्थना झाली. मी बसल्या जागेवरून बोललो. पहिल्यांदा आलो तेव्हा या घरात मी हुंकारा बंद केला, ते माझं चुकलं, तुम्ही मला क्षमा करा, असं म्हणालो. क्षमा केली की नाही हे कुणीच सांगेना. पाळकानं क्षमा मागितली तर काय म्हणायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि मी स्वतःच त्यांचं तोंड बंद करून ठेवलं होतं.

बंडेप्पा मेजाशी उभे राहिले. त्यांनी खिशातून घडीचा छापील कागद काढला.

"बंडेप्पा," मी म्हणालो, "मेंढराची गोष्ट त्या दिवशी माझ्यामुळे अर्धी राहिली. पुढे काय झालं?"

"तुमाला ठावं न्हाई?" त्यांनी विचारलं. "नगरला शिकलाव की."

बायकांकडून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी म्हणालो, नगरचं मेंढरू ठाऊक आहे, मुडबीचं नाही.

त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कागद मेजावर पालथा ठेवला. आपल्या मुडबीचा एक धनगर हुता, त्यांनी सुरुवात केली. त्याची शंभर मेंढरं. कुणीच काही म्हटलं नाही. तेव्हा मी घसा साफ केला आणि जोरात म्हणालो, "हूं." माझा आवाज भिंतीवर आपटून परत आला. बंडेप्पा पुढे म्हणाले की त्यात एक काळी मेंढी हुती. मी पुन्हा म्हणालो, "हूं." ती मेंढी, ते म्हणाले, आणि मी लगेच, "हूं."

बंडेप्पा थांबले. त्यांनी दोन्ही हात मेजावर टेकले.

"साहेब," ते म्हणाले, "मेंढरू अजून हरवायचंय. इतक्यात हूं कामून म्हणायलाव? जरा दम धरा. माजं वाक्य खाली टेकू द्या, मंग उचला."

तीस वर्षांच्या सेवेत त्यांनी पाळकाला सगळ्यांसमोर दटावल्याची ही पहिलीच वेळ असावी. खोली क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मला हसू फुटलं, आणि मग जे हसणं झालं त्यात छपराची माती पडते की काय असं वाटलं. ते ओसरत असतानाच बायकांच्या मागच्या रांगेतून नागूबाईंचा हुंकारा आला, लांब, शांत, नेमका. त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. बंडेप्पांचा वाकलेला कणा मी डोळ्यांदेखत सरळ होताना पाहिला.

काळी मेंढी मोठी खादाड. गाणगापूरला दत्ताच्या दर्शनाला निघालेल्या यात्रेकरूंच्या गाठोड्यातल्या भाकरीच्या वासानं ती त्यांच्या मागे लागली. धनगर नव्याण्णव मेंढरं भावाच्या हवाली करून निघाला. वाटेत त्याला एक तेली भेटला, एक जंगम भेटला, तिघी सासुरवाशिणी भेटल्या, आणि प्रत्येकानं त्याला सांगितलं की एका मेंढीसाठी कुणी एवढं चालतं का. धनगरानं प्रत्येकाला वेगळं उत्तर दिलं. त्यातलं एक उत्तर मी पुढे आयुष्यभर माझ्या प्रवचनांत वापरलं आणि ते माझं म्हणून खपवलं. तासाभरानं मलाही हुंकारा जमू लागला. शेजारचा माणूस, जो हातभर सरकला होता, तो आता चुकीच्या ठिकाणी मी तोंड उघडलं की माझा गुडघा दाबायचा.

धनगर भीमा नदीच्या काठी आला. पाणी चढलेलं. पलीकडून काळीचं बें बें ऐकू येतंय. धनगरानं धोतर खोचलं, घोंगडी डोक्याला बांधली, आणि एक पाय पाण्यात घातला.

इथे बंडेप्पा थांबले आणि पटक्याच्या टोकानं त्यांनी तोंड पुसलं.

"चला," ते म्हणाले, "तूर पडलीय खळ्यावर."

एकच कालवा झाला. म्हातारी माणसं, बाया, सगळेच विचारू लागले की मेंढरू मिळालं का, धनगर बुडाला का.

"ऐतवारी सांगतो," बंडेप्पा म्हणाले.

मंगळवार आधी येतो की रविवार, एवढं गणित मलाही येत होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, छापील कागदाच्या घड्या घालत होते. घालता घालता तो इतका लहान झाला की शेवटी त्यांनी तो मेजाच्या डुगडुगत्या पायाखाली सारला. मला समारोपाचा आशीर्वाद द्यायचा होता. उभा राहिलो आणि हात वर केले. डोळे भरून आले होते, आणि ते सगळ्यांना दिसत होते, आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून नागूबाई उठल्या. कमरेवर हात.

"आठ दिस झालं, ह्या मानसानं माज्याकडनं भांडी बांधून घेटलीत," त्या म्हणाल्या. "उतरंड बांधली, जातं बांधलं, काथ्याच्या धा गाठी मारल्यात. आता त्या सोडायला कोन येनार हाय?"

सगळी मंडळी माझ्याकडे वळली.

"जी," मी म्हणालो, "मी येतो."